भीतीने व्यसन सुटत नाही

मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर, यांस


२७ जुलै २०२५ च्या पहाटे आमच्या खराडीतल्या एका फ्लॅटवर धाड पडली. सात जणांना अटक झाली. जप्तीत २.७ ग्रॅम कोकेन आणि ७० ग्रॅम गांजा सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. मला बोलायचं आहे ते धाडीच्या चित्रफितीबद्दल. दिवसभर ती वाहिन्यांवर चालली, थिटे वस्तीपासून ईऑन आयटी पार्कच्या इमारतींपर्यंत मोबाइलवर फिरली. जिचा मुलगा एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, नादी लागला आहे, अशा आईनेही ती पाहिलीच असणार. ती आता कुणाकडे मदत मागेल? ती मुलाला खोलीत कोंडेल, सोसायटीत तो आजारी आहे म्हणून सांगेल.

धाडी नकोत असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच पोलिसांनी शहरातल्या विक्रेत्याचा माग काढत विश्रांतवाडीचं गोदाम गाठलं आणि तिथून थेट कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना. एकूण १,७०० किलोहून अधिक मेफेड्रोन हाती लागलं, किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे. एवढा माल बाजारात आला असता तर किती घरं बसली असती! त्या कामाला माझा मनापासून सलाम. पण त्याआधी चारच महिने, २ ऑक्टोबर २०२३ ला, ड्रग्जच्या गुन्ह्यातला ललित पाटील पोलीस बंदोबस्तातल्या ससून रुग्णालयातून पळाला होता, हेही शहर विसरलेलं नाही. वरचा निसटतो आणि खालचा सापडतो, तेव्हा कारवाईवरचा विश्वास उडतो.

मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. एमडीच्या बाबतीत अल्प म्हणजे दोन ग्रॅमपर्यंत. ही सोय कायद्यानेच दिली आहे, पण किती आईबापांना ती ठाऊक आहे? धाडीची बातमी घरोघर पोचते, या सोयीची मात्र पोचत नाही.

आणि उपचार लांबही नाहीत. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण येरवड्यात, आमच्या खराडीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे व्यसनाकडे आजार म्हणून पाहतात. उलट, भीतीची वाट कुठे नेते पाहा: फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ड्रग्जविरोधी 'युद्धा'त हजारो माणसं मारली गेली. त्याच प्रकरणी माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर अटकेत गेले. आपण त्या वाटेवर नाही, पण कोयते नाचवणाऱ्या पोरांची पोलीस त्यांच्याच वस्तीत धिंड काढतात आणि लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा मला धास्ती वाटते.

म्हणून मागणं एवढंच. धाडीत सापडलेल्यांचे चेहरे बाहेर जाऊ देऊ नका. खराडी पोलीस ठाण्यात कलम ६४अ ची माहिती सोप्या मराठीत, दर्शनी भागात लावा. आणि मुलाला घेऊन ठाण्याच्या पायरीवर आलेल्या आईला पहिला प्रश्न 'माल कुठून आणला?' हा नको, 'कधीपासून घेतोय?' हा विचारा. मालाचा माग काढायला आपल्याकडे माणसं आहेत.

आपली,
खराडीतील एक रहिवासी