फुकट आहे, पण कुणाचं?

‘ग्राहक हा राजा’ हे वाक्य आपल्या पिढीनं जरा जास्तच मनावर घेतलंय. पिझ्झा लेट? रेटिंग कमी. कॅब आली नाही? लाव कस्टमर केअरला फोन. बरं, तिथे आपण पैसे मोजतो, त्यामुळे ठीकच आहे. पण जिथे एक छदामही मोजलेला नाही, तिथेही आपण हाच मुकुट घालून जातो, त्याचं काय?

मी बोलतेय ओपन सोर्स सॉफ्टवेअरबद्दल. कोड सगळ्यांना खुला. वापरा, बदला, वाटा. यातल्या मोठ्या प्रकल्पांवर कंपन्यांचे पगारी लोकही असतात, पण असंख्य छोटी सॉफ्टवेअर्स कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून चालवत असतं.

शहाद्यात माझ्या मामेभावाचं डीटीपीचं दुकान आहे. महागड्या सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं परवडेना, म्हणून दादानं असंच एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. सगळं मस्त चाललेलं. पण ऐन लग्नसराईत पत्रिकेवर ‘लग्न’मधला ‘ल’ हिंदी वळणाचा, उजवीकडे उभी दांडी असलेला येऊ लागला. वधूपित्यानं पत्रिका परत केल्या. झालं! दादानं डेव्हलपर मंडळींना मेसेज ठोकला: थर्ड क्लास सॉफ्टवेअर, आजच्या आज दुरुस्त करा.

उत्तर नाही. चार दिवस झाले तरी नाही. ‘अगं, यांचा कस्टमर केअरचा नंबरच नाही!’ दादा फोनवर वैतागला होता. नसणारच. अशा सॉफ्टवेअरच्या परवान्यात आधीच लिहिलेलं असतं की, हे जसं आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही. आपण न वाचता ‘अॅग्री’ दाबतो, एवढंच.

तरी दादाचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याचं पोट त्या पत्रिकांवर आहे. आणि ‘कोड खुला आहे, स्वतःच दुरुस्त करा’ हे काही डेव्हलपरांचं लाडकं उत्तर डीटीपीवाल्याच्या काय कामाचं? पण ओरडून काय होतं, त्याचंही एक उदाहरण आहे.

‘एक्सझेड’ हे फाइल्स लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर. जगभरातल्या लिनक्स मशिन्सवर असतं. ते सांभाळायचा मुख्यतः एकच माणूस, फिनलंडचा लासे कॉलिन, तोही बिनपगारी. २०२२ मध्ये काही जण त्याच्या मागे लागले: काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी घे. हा छंदाचा, बिनपैशाचा प्रकल्प आहे, तब्येतही साथ देत नाही, असं त्यानं सांगून पाहिलं. शेवटी ‘जिया टॅन’ नावाच्या एका मदतनिसाच्या हाती त्यानं किल्ल्या दिल्या. २०२४ मध्ये त्याच नावाखाली सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला गेला! एका इंजिनिअरला, आंद्रेस फ्रॉइंडला, लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, आणि २९ मार्चला भांडं फुटलं. मागे लागणारी ती नावंही बनावट असावीत असा संशय आहे. पण थकलेल्या माणसावर दबाव टाकला की तो किल्ल्या देतो, हे कुणीतरी अचूक हेरलं होतं.

तर, दादाचा दुसरा मेसेज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. व्हर्जन कुठलं, फॉन्ट कुठला, काय टाइप केलं, काय दिसलं. शेजारी-शेजारी दोन्ही ‘ल’चे फोटो. शिवाय मराठी वर्णमालेबद्दलचा राज्य सरकारचा ६ नोव्हेंबर २००९चा शासन निर्णय. शेवटी थँक यू.

दोन दिवसांत उत्तर! समोरच्या माणसाला देवनागरी वाचताच येत नव्हती. ‘ल’ दोन वळणांचा असतो हे त्याला माहीतच नव्हतं. फॉन्टमध्ये दोन्ही आकार होते, फक्त मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरनं फॉन्टला सांगायला हवं होतं. ते सांगत होतं हिंदी. तोवर सेटिंगमध्ये भाषा बदला, म्हणाला. बदलली. ‘ल’ सरळ झाला. कायमची दुरुस्ती पुढच्या व्हर्जनमध्ये आली.

म्हणजे बघा, दादाकडे त्या प्रोग्रामरला नसलेलं ज्ञान होतं. आपल्याकडे इर्जिक असते ना, गावानं मिळून एकाच्या शेतात राबायचं, तसंच हे. तिथे कुणी बांधावर उभं राहून मजुरांना दटावत नाही. नांगर धरता येत नसेल तर पाणी तरी नेऊन देतो. नीट लिहिलेली तक्रार म्हणजे ते पाणीच.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं फुकटचं सॉफ्टवेअर रुसलं, तर एक स्टार देण्याआधी दहा मिनिटं काढा. काय बिघडलं ते सविस्तर लिहा. मराठीचं काही असेल तर जरूर लिहा, कारण ते आपल्याशिवाय कुणाला दिसणारच नाहीये. आणि खिशाला झेपलं तर एका कॉफीचे पैसे पाठवा.