हात माझा, सांगणं ह्यांचं



गाडी चालता चालता बंद पडते आणि वीस मिनिटांनी, काहीही न करता, पुन्हा सुरू होते. असं तुमच्याकडे कधी झालंय का? आमच्याकडे ह्या उन्हाळ्यात तीनदा झालं. तिसऱ्यांदा सांगली-मिरज रस्त्यावर. मागच्या सीटवर ८७ वर्षांच्या सासूबाई, आणि मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवतायत. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, विकून टाका आता." गाडी अकरा वर्षांची आहे, खरंच आहे ते. पण ह्यांना कंपवात झाल्यापासून घरात चालवणारी मी एकटी. दवाखाना, बस्ती, बाजार, सगळं तिच्यावरच.

एका वर्कशॉपने साडेनऊ हजारांचा अंदाज दिला. त्यात निम्मं वायरिंगच बदलायचं होतं. बी.कॉम.ची खोड, मी प्रत्येक रकमेपुढे "हे कशासाठी?" विचारलं. धड उत्तर आलं नाही. ह्यांचा जन्म साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेला. ते एवढंच म्हणाले, "आधी मोजू, मग बदलू."

स्टिअरिंगखालच्या खाचेत छोटा स्कॅनर लावला, मोबाइलवर कोड आला: पी ०३३५. म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरची तक्रार. हा सेन्सर बोटाएवढा असतो. आत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. समोर दात असलेलं चाक फिरतं; पुष्कळ गाड्यांत साठ दातांची जागा असते, पण दोन दात मुद्दाम गाळलेले. दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेचा ठोका उमटतो. रिकामी जागा आली की गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं, पिस्टन कुठे आहे. त्यावरून पेट्रोल कधी सोडायचं, ठिणगी कधी टाकायची ते ठरतं. ठोके थांबले की इंजिन थांबलं. वेटोळ्याची तार आत कुठे केसभर तुटलेली असेल तर गरम झाल्यावर ती फाकते, गार झाल्यावर पुन्हा चिकटते. आमच्या वीस मिनिटांचं कोडं तेच.

पण कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. वायर किंवा तिचा जोडही असू शकतो. म्हणून मल्टिमीटर. जोड वरच्या बाजूला हाताशी होता. गार असताना आठशेच्या आसपास ओहम, गाडी बंद पडल्यावर लगेच मोजलं तर काहीच नाही. दोन नोंदी जुळल्या आणि वायरिंगचा खर्च खोडला.

सेन्सर मात्र इंजिनाच्या पाठीमागे, गिअरबॉक्सच्या सांध्याशी. ह्यांचा पंजा मोठा, जातच नव्हता. आणि गेला असता तरी तो हात आता बोल्ट धरत नाही. दोघांनाही ते माहीत होतं. कोणी बोललं नाही. मी पाटल्या काढायला लागले.

पाटल्या काढायच्याच, हं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवण्याआधी हातातलं सोनं काढून ठेवा. धनाग्र आणि गाडीचा पत्रा यांमध्ये बांगडी आली तर क्षणात लाल होते. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून आम्ही सकाळीच बसलो. बॉनेटवर आधी दोनदा थाप मारली, कारण आत मांजराची पिल्लं नाहीतर पाली बसलेल्या असतात. एका कोपऱ्यात कुंभारणीचं मातीचं घर होतं. ते वाटेत नव्हतं, तसंच राहू दिलं.

एअर फिल्टरचा डबा काढल्यावर मनगटापुरती वाट झाली. दिसत काहीच नाही. पाठीमागचा हूक लावताना बोटांनाच डोळे फुटतात ना, अगदी तसं. हे स्टुलावर बसून सांगत होते, "खाली. आणखी. आता डावीकडे, गोल लागेल." लागलं. लांब एक्स्टेन्शनला दहा नंबरची गोटी, मध्ये वळणारा सांधा. बोल्ट एकच. सेन्सर मात्र रबरी रिंग कडक झाल्यामुळे अडून बसला. पेचकसाने उचकटू नये, आतच मोडतो. डावी-उजवीकडे हलवत राहिले, पंधरा मिनिटं तरी. टोकाला लोखंडाचा काळा कीस चिकटलेला होता.

नवीन सेन्सर १,३५० रुपयांचा. रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावला. बोल्ट खाली पडला तर दिवस गेला, म्हणून गोटीत भिजवलेल्या कणकेची गोळी दाबून त्यात बोल्ट बसवला. हे म्हणाले, "आम्ही ग्रीस लावायचो." मी म्हटलं, माझ्या वर्कशॉपमध्ये कणीक असते. बोल्ट आधी बोटांनीच फिरवायचा, शेवटी पान्याने जरासा. आवळायच्या नादात ॲल्युमिनियमचे आटे जातात.

किल्ली फिरवताना आधी आरपीएमचा काटा बघितला. सेन्सर मुका असताना तो हलत नव्हता, आता हलला. भर दुपारी मिरजेला जाऊन आले, कुठे थांबली नाही. घरी आल्यावर कोड पुसला, पुन्हा उमटला नाही. सासूबाईंना शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय.

जुना सेन्सर ह्यांनी टाकू दिलेला नाही. तो त्यांच्या टेबलावर आहे, मल्टिमीटरच्या बाजूला. काल विचारत होते, गाडीचे ब्रेक पॅड कधी बघायचे.