पाणी न लागलेला कॉम्प्युटर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या माझ्या आत्याच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. वरच्या मजल्यावर पाणी पोचलं नाही, आणि तिचा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता. पाणी ओसरलं, गाळ उपसून झाला, बुडालेले मीटर आणि खालचं वायरिंग बदललं, वायरमनने मेगर लावून तारांचं इन्सुलेशन बघितलं, मग वीज जोडली गेली. विश्रामबागेत लेकीकडे राहायला गेलेली आत्या घरी परतली आणि तिने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही, बीप वाजला नाही.

"अगं, थेंबभर पाणी लागलं नाही त्याला," ती मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती.

आत्याचं सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. निवृत्तीनंतर ती घरीच डीटीपी करू लागली. त्या वर्षी एका शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका तिच्याकडे होती. माजी विद्यार्थ्यांचे लेख, जुन्या शिक्षकांची छायाचित्रं, देणगीदारांच्या याद्या, सगळं तिने पानांत लावून ठेवलं होतं. काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली आणि पुढे ते थांबलं. तरी मराठीतली कितीतरी लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पानं पुढची अनेक वर्षं त्यातच लागत राहिली. फाँट युनिकोडच्या आधीचा. तो नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकूर उघडला तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. शिवाय तिच्या फाँटच्या पॅकेजचं लॉक, जे लावल्याशिवाय ते चालत नसे, पॅरलल पोर्टला लागायचं, आणि नव्या कॉम्प्युटरना तो पोर्टच नसतो. म्हणून "नवीन घेऊन टाक" हा सल्ला तिच्या काही कामाचा नव्हता.

हाच सल्ला तिला एका दुकानातून मिळाला होता. तिथला मुलगा घरी आला, बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, मदरबोर्ड गेला, पुरात सगळ्यांचेच गेलेत. कॅबिनेट त्याने उघडलंसुद्धा नाही. याची मला चीड येते. बटण दाबल्यावर काहीच न होणं ही मुळात एक खूण आहे, आणि तिच्यामागे भिंतीतल्या सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत कुठलंही कारण असू शकतं. मदरबोर्डची वेळ त्या साखळीत बरीच उशिरा येते. त्याच्या आधीच्या जागा न तपासता तो गेला म्हणणं म्हणजे माणसाच्या हातातलं काम आणि पैसे दोन्ही हिसकावणं. पुरातून नुकत्याच सावरणाऱ्या गावात तर हे फारच वाईट.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, मल्टीमीटर हाताशी असतो. पुण्याहून निघताना तो आणि लॅपटॉपला जुनी डिस्क जोडायची केबल पिशवीत टाकली. पोचल्यावर सगळ्यात आधी कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क बाहेर काढली आणि लॅपटॉपला लावली. स्मरणिकेच्या फायली जागच्या जागी होत्या. त्यांची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं की आतलं सगळं गेलं. पण डिस्कवरचा मजकूर विजेवाचून तसाच राहतो, आणि वीज न पोचण्याशी त्याचा सहसा काही संबंध नसतो. आत्याला फायलींची नावं दाखवली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला. मलाही त्यानंतर घाई न करता बघता आलं.

सुरुवात भिंतीपासून केली. सॉकेटवर २३० व्होल्टच्या आसपास दाब होता, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट. नवं वायरिंग नीट होतं. पुढे यूपीएस. तो नुसता कण्हल्यासारखा आवाज करत होता. आतली १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी इतके दिवस चार्जिंगशिवाय पडून बसली होती. दोष मिळाला असं आत्याला वाटलं. यूपीएस बाजूला केला, केबल थेट सॉकेटला लावली. तरी कॉम्प्युटर गप्प. एक दोष सापडला म्हणजे दुसरा नाही, असं नसतं, आणि अशा वेळी बहुतेक जण पहिल्या सापडलेल्या दोषावर थांबतात. केबल बदलून पाहिली. कॅबिनेटच्या मागचा छोटा काळा स्विच चालू होता.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट याच जागी फिरली. इंटेलने १९९५ साली मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याची एटीएक्स ही मांडणी आणली, तेव्हापासून आपल्या कॉम्प्युटरचं समोरचं बटण २३० व्होल्टची वीज तोडत-जोडत नाही. ते फक्त मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकत्र आणतं. बोर्ड मग एसएमपीएसकडे, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडे, जाणारी हिरवी तार शून्यावर ओढतो, आणि त्या इशाऱ्यावर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइनी सुरू करतो. सगळं स्थिर झालं की करड्या तारेतून "ठीक आहे" असा संकेत परत येतो आणि मगच प्रोसेसर काम सुरू करतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. पण बटणाचा इशारा ओळखायला बोर्डाला आधीपासून थोडी वीज हवी असते. ती जांभळ्या तारेतून येते. पाच व्होल्ट, स्टँडबाय. भिंतीचा स्विच चालू आहे तोवर ही तार जिवंत असते, कॉम्प्युटर शटडाउन केलेला असला तरी. विंडोजने "बंद" केलेला कॉम्प्युटर खरं तर बंद नसतो.

मी मीटरची काळी पिन काळ्या तारेवर आणि लाल पिन जांभळ्या तारेवर टेकवली. पाच व्होल्टच्या जागी आकडा एक-दोनच्या मध्ये वर-खाली होत होता. बोर्डात कुठे शॉर्ट असेल तर तोही हा दाब खाली ओढू शकतो, म्हणून एसएमपीएसचा मोठा कनेक्टर बोर्डातून काढला आणि मोकळ्या तारेवर पुन्हा मोजलं. तोच आकडा. म्हणजे दोष एसएमपीएसच्या आत होता, मदरबोर्डाचा त्यात हात नव्हता. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरतो का बघायची एक जुनी चाचणी लोक करतात. तीही केली आणि पंखा फिरला नाही, ते साहजिकच होतं. स्टँडबायच नसेल तर तो इशारा ऐकणारा भागही झोपलेला असतो.

एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नसतो. २३० व्होल्ट एसी सरळ केल्यावर आतल्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो, आणि केबल काढल्यानंतरही तो काही काळ तिथेच असतो. तो डबा मी गणपती पेठेतल्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांचंही दुकान बुडालं होतं. बाहेर फळीवर मिक्सर, रेडिओ, टीव्हीचे बोर्ड ओळीने उन्हात ठेवलेले. गाळाने माखलेले बोर्ड ते आधी स्वच्छ पाण्याने आणि ब्रशने धुवत होते. मी थबकले, तेव्हा म्हणाले, "पाण्यानं नाही मरत हे, पोरी. चिखल ओला असताना वीज दिली की मरतं." गाळात क्षार असतात, ओलसर गाळ वीज वाहून नेतो आणि शेजारशेजारच्या तारा एकमेकींना जोडून टाकतो. धुतलं, पूर्ण वाळवलं, मगच वीज. त्या दिवसांत त्यांच्या दारात जी गर्दी होती ती याच धीरामुळे होती.

आत्याचा डबा त्यांनी उघडला. आत धूळ होती, गाळाचा कण नव्हता. फुगलेला कंडेन्सर शोधायची माझी नजर होती, पण सगळ्यांची डोकी सपाट होती. काकांनी स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचा करंगळीच्या टोकाएवढा एक कंडेन्सर दाखवला आणि त्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडली. मी जांभळ्या तारेवर मीटर धरून होते. आकडा सरकत सरकत पाचला जाऊन ठरला. हवा बंद केली, डब्याची वीज काढली, कंडेन्सर गार होऊ दिला. पुन्हा वीज दिली, पुन्हा एक-दीड व्होल्ट.

या कंडेन्सरच्या आत एक द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातो. अंगावर बहुधा १०५ अंश छापलेलं असतं, आणि साध्या मालाची हमी त्या तापमानाला २००० तासांची असते. तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. डब्यात ६५ अंश धरले तर ३२,००० तास, म्हणजे सतत विजेवर असेल तर साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. आत्याचा एसएमपीएस मध्ये एकदा बदललेला होता, त्यालाही आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि ती भिंतीचा स्विच कधीच बंद करत नसे. सुकत आलेला कंडेन्सर गरम असताना कसंबसं काम देतो, गार झाल्यावर देत नाही. चालू विजेवर आजूबाजूचे भाग त्याला सतत ऊब देत होते. लोडशेडिंगच्या काळात तो रोज गार व्हायचा खरा, पण तेव्हा तो ताजा होता. अलीकडे वीज गेलीच तर थोडा वेळ, तेवढ्यापुरता यूपीएस होताच. पुरात प्रथमच तो इतके दिवस पूर्ण गार पडला. पाणी वर चढलं नव्हतं, वीज मात्र गेली होती, आणि तेवढं पुरलं.

काकांनी तो काढून नवा बसवला, पण म्हणाले की बाकीचेही याच वयाचे आहेत, स्मरणिकेचं काम यावर ठेवू नका. ते मला पटलं. नवा एसएमपीएस घेतला. आत्याच्या बोर्डाला वीस पिनांचा कनेक्टर लागतो आणि हल्ली चोवीसचा येतो, पण त्यातल्या चार पिना बाजूला होतात. जुन्या डिस्कला लागणारा चार पिनांचा पॉवर कनेक्टर मिळेल असा मात्र बघून घ्यावा लागला.

बटण दाबलं, पंखा फिरला, आणि लांब लांब बीप वाजू लागले. पडद्यावर काही नाही. आत्या घाबरली; मला उलट बरं वाटलं, कारण बीप वाजतो म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत आणि काय बिघडलंय तेही सांगताहेत. रॅम काढली, पावसाळी दमट हवेने काळवंडलेले तिचे संपर्क खोडरबराने पुसले, परत घट्ट बसवली. चित्र आलं. लगेच दुसरी ओळ: सेटिंग्ज हरवल्या आहेत, पुढे जायला एफ १ दाबा. तारीख २००३ मधली होती. बोर्डावरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला होता. तोही कधी संपला ते कळलं नसतं, कारण स्टँडबाय चालू असेपर्यंत घड्याळ त्याच विजेवर चालतं, सेलची गरज लागत नाही. सेल बदलला, तारीख-वेळ लावली, डिस्कची नोंद तपासली.

विंडोज उघडलं. लॉक ओळखलं गेलं. आत्याने स्मरणिकेचं मुखपृष्ठ उघडलं, मग आतली पानं एकेक करून पाहिली, आणि देणगीदारांच्या यादीत एका आडनावात राहिलेला ऱ्हस्व उकार तिथल्या तिथे दीर्घ केला. त्याच संध्याकाळी तिने पूर्ण अंकाची पीडीएफ काढून घेतली. छापखान्याला ती चालते, आणि तिला ना फाँट लागतो ना लॉक.

स्मरणिका वेळेवर निघाली. त्यानंतर आत्याने जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायला घेतल्या. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं चुकतात, म्हणून ती प्रत्येक पान छापील प्रतीशी ताडून बघते. नव्या एसएमपीएसवर मी बसवल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. जुना दुरुस्त केलेला काकांकडेच ठेवला. पुरानंतर कुणाचा कॉम्प्युटर आला की बोर्ड खरंच गेलाय की नाही हे बघायला ते तो लावत.