शिलाँगचे बाण, मासे आणि गिटार

कोणत्याहि गांवाची खरी ओळख तेथील इमारतींपेक्षां तेथील लोक रिकामा वेळ कसा घालवितात यावरून अधिक होते, असें आमचें मत आहे. मेघालयाची राजधानी शिलाँग सुमारें १,५०० मीटर उंचीवर वसली आहे. तेथील ढग व धबधबे पाहून झाल्यावर आम्हीं घरच्या मंडळींसह लोकांच्या छंदांकडे लक्ष दिलें.

खासी लोकांचा धनुष्याशीं संबंध जन्मापासूनचा. मुलाच्या नामकरणविधींत धनुष्य व ३ बाण ठेवण्याची चाल गर्डन यांनीं १९०७ सालच्या आपल्या ग्रंथांत नोंदविली आहे. युद्धाचें व शिकारीचें तें साधन आतां क्लबांच्या हातीं आलें आहे. रविवार सोडून दुपारीं पोलो मैदानाजवळ निरनिराळ्या क्लबांचे धनुर्धर अर्धवर्तुळांत उकिडवे बसून गवताच्या गठ्ठ्यावर बाण सोडतात. वेळ संपली कीं रुतलेले बाण मोजतात, आणि त्या संख्येचे शेवटचे २ अंक हाच फेरीचा निकाल ठरतो. त्या अंकांवर शहरभर पैजा लागतात. कित्येकजण रात्रीच्या स्वप्नावरूनच अंक काढतात! १९८२ सालीं कायद्यानें या पैजेस परवानगी मिळाली व सरकारास कर मिळूं लागला. हा उघड जुगारच, म्हणून आमच्या मामींनीं नाक मुरडलें, व त्यांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु पैजेवांचून इतके धनुर्धर नित्य मैदानावर आले असते काय, या प्रश्नास आम्हांस होकार देववेना.

माशांची गोष्ट निराळी. डौकीजवळील उमंगोट नदीचें पाणी इतकें नितळ कीं नाव अधांतरीं तरंगल्यासारखी दिसते. गळ टाकून बसणाऱ्या शौकिनांस या डोंगरांतील महासीर मासा फार प्रिय. परंतु सुरुंग व विष वापरून मासे मारणाऱ्यांनीं नद्या ओसाड करूं नयेत, म्हणून कांहीं गांवांनीं आपापले डोह राखीव केले. २०१२ सालीं राज्यानें मत्स्यपालनाची मोहीम काढल्यावर या कामास जोर आला. महाडजवळील वाळण कोंडींत देवीचे मासे कोणी मारीत नाहीं, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही शिस्त परकी वाटणार नाहीं.

आतां गाण्याविषयीं. १८४१ सालीं वेल्समधील टॉमस जोन्स हे मिशनरी सोहरा येथें आले. त्यांच्यामागून आलेल्या प्रार्थनागीतांनीं खासी घरांत अनेक स्वरांत एकत्र गाण्याची गोडी लाविली. त्या तयार कानांवर पुढें विलायती रॉक संगीत पडलें, आणि विजेच्या गिटारीनें तरुणांस वेड लाविलें. मेघालय स्वतंत्र राज्य झालें तें १९७२ सालीं. त्याच वर्षीं लू माजॉ यांनीं २४ मे रोजीं अमेरिकन गायक बॉब डिलन यांचा वाढदिवस गाऊन साजरा करण्यास आरंभ केला, व हा नेम दशकानुदशकें पाळला. डिलन यांस नोबेल पारितोषिक मिळालें २०१६ सालीं; म्हणजे या डोंगरांतला माणूस त्याआधीं ४४ वर्षें त्यांचीं गाणीं गात होता! पुढें २००१ सालीं शिलाँग चेंबर कॉयर व २००३ सालीं ‘सोलमेट’ हा वाद्यवृंद निघाला, आणि गांवाचें नांव देशभर झालें.

उसनें गाणें आपलें कसें होतें, याचें उत्तर आम्हांस येथें मिळालें. बाणांस पैजेचा आधार आहे, माशांस गांवच्या नियमाचा. गिटारीस आरंभीं यांपैकीं कांहींच नव्हतें. कोणी तरी दरवर्षीं ठरल्या दिवशीं उभा राहून गात होता, व शेजारी ऐकावयास येत होते. आपल्याकडील गणेशोत्सवांतले मेळे कशानें मागें पडले, हें घरांतील वडील मंडळींनीं एकदां मुलांस सांगावें. त्या गोष्टींत पैशाचा भाग किती आणि ऐकावयास न जाणाऱ्या आपणां सर्वांचा किती, हें मुलेंच विचारतील.