चार अंगुळे वर

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे, हे महाभारतातले वर्णन लहानपणी ऐकले तेव्हा त्यातला सत्याचा महिमा माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मला हेवा वाटला तो एवढाच, की त्या रथातल्या माणसाला हिसके बसत नसतील! वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याकडच्या गाडीवाटांनी ज्याने बैलगाडीतून एकदा तरी प्रवास केला आहे, तो माझ्या त्या बालबुद्धीला हसणार नाही. चाकाचे आणि जमिनीचे वैर कायमचे मिटवणारे वाहन आपल्याजवळ असावे, ही माणसाची फार जुनी हौस आहे.

गेल्या वर्षी ही हौस आमच्या सहावीच्या वर्गाला लागली. मी भाषेचा मास्तर; माझे विज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले. परंतु लहान शाळेत एका मास्तराला चार मास्तरांची सोंगे घ्यावी लागतात, आणि घर्षणाचा धडा माझ्या वाट्याला आला. मी एक जुनी सीडी घेतली, तिच्या भोकावर पाण्याच्या बाटलीचे ओढून उघडायचे बूच चिकटवले, आणि फुगवलेला फुगा त्या बुचावर चढवला. बूच उघडताच फुग्यातली हवा सीडीखाली शिरली, आणि नुसत्या टिचकीसरशी ती चकती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली. कॅरमच्या पटावर पावडर जे काम करते, ते इथे हवेने केले.

मुलांनी टाळ्या पिटल्या. मागच्या बाकावरचा, तांड्यावरून येणारा एक मुलगा मात्र गंभीर होता. “सर,” तो म्हणाला, “याच्यावर मानूस बसन का जी?”

असलाच प्रश्न एका इंग्रज गृहस्थालाही पडला होता. ख्रिस्तोफर कॉकरेल हा बोटी बांधणारा इंजिनिअर. पाणी बोटीला मागे ओढते, तर बोट आणि पाणी यांच्यामध्ये हवेचाच थर घालावा, असे त्याच्या मनाने घेतले. १९५५ साली त्याने प्रयोगाला काय घ्यावे? कॉफीचा एक डबा, त्याच्या आत मावणारा मांजराच्या खाण्याचा डबा, हवा फुंकणारे एक यंत्र आणि स्वयंपाकघरातला तराजू! दोन डब्यांमधल्या अरुंद फटीतून हवा सोडली, तर एकट्या डब्यातून सोडलेल्या हवेपेक्षा तराजूवर कितीतरी जास्त भार पडतो, हे त्याने पाहिले. त्या विचारातून जन्मलेल्या हॉवरक्राफ्टने २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, ब्लेरिओने ती विमानातून ओलांडली होती. पुढे १९६८ पासून २००० पर्यंत मोठमोठी हॉवरक्राफ्टे माणसे आणि मोटारी घेऊन त्या खाडीवर ये-जा करीत होती. आपल्या तटरक्षक दलाकडेही ती आहेत. जिथे पाणी उथळ आणि चिखल फार, तिथे त्यांचा मोठा उपयोग होतो.

ही हकिकत सांगितल्यावर वर्ग कसला स्वस्थ बसतो! सुताराने प्लायवूडची चार फूट व्यासाची चकती कापून दिली. धूळ उडवायचा विजेचा ब्लोअर बाजारातल्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने दोन दिवसांच्या बोलीवर दिला. अडले ते ताडपत्रीपाशी. दिवस सुगीचे, घरोघरच्या ताडपत्र्या सोयाबीनच्या ढिगांवर पांघरलेल्या. भोके पाडायला ताडपत्री कोण देणार?

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने एका निळ्या ताडपत्रीची घडी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

“कोठून आणलीस रे?”

“आमचं मांगच्या सालचं घर हाय, सर.”

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत हीच ताडपत्री त्यांच्या कोपीवर असे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक तांड्यावर येई, आणि आईबापांबरोबर हाही पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा फडावर निघून जाई. यंदाची उचल घेऊन झाली होती. नवी ताडपत्रीही आली होती.

आम्ही कामाला लागलो. ताडपत्री चकतीखाली जराशी सैल ठेवून तिच्या कडा वरच्या अंगाने पक्क्या ठोकल्या. खालून मधोमध डब्याचे एक झाकण ठेवून ते स्क्रूने आवळले, आणि झाकणाभोवती लिंबाएवढी सहा भोके पाडली. ब्लोअरच्या तोंडासाठी चकतीला एक भोक. हवा सुरू झाली की ताडपत्री दिवाळीच्या कडबोळ्यासारखी गोल फुगते, भोकांतून हवा मध्यभागी येते, आणि कडेने निसटता निसटता सगळा डोलारा उचलून धरते.

फळ्यावर हिशेब मांडला. चकती, ब्लोअर आणि बसणारा मुलगा मिळून चाळीस किलो. चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ११,७०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला साडेतीन ग्रॅमचाही भार नाही! साडेतीन सेंटिमीटर उंच पाण्याचा जेवढा दाब, तेवढा पुरे. माणूस उचलायला फुंकर पुरते. ती नीट पसरता मात्र आली पाहिजे.

तक्त्यावर एका मुलीने सुरेख अक्षरांत लिहिले होते, ‘उंची : चार अंगुळे.’ महाभारत मीच सांगितले होते ना! आमच्या कारागिराने चालू यंत्राच्या कडेखाली पुठ्ठा घालून पाहिला, तो अडकला. मग वहीची पाने एकेक करून सारली. नंतर त्याने तक्त्यावरची ओळ खोडून तिथे लिहिले, ‘वहीची दहा पाने.’

सुटीच्या आदल्या दिवशी पालक आले. त्याचा बापही आला, आणि पोरांच्या आग्रहाने चकतीवर मांडी घालून बसला. लेकाने त्याला एका हाताने ढकलले. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा तो गडी गुळगुळीत फरशीवरून थेट भिंतीपर्यंत अलगद गेला. सगळे हसले, तोही हसला. उतरल्यावर मात्र हळूच मला म्हणाला, “मास्तर, फडात हे चालन का? मोळी ठेवली असती याच्यावर.”

मी गोष्टी लिहिणारा माणूस. असल्या वेळी एखादे गोड उत्तर माझ्या ओठावर असतेच. पण मी तोंड उघडण्याआधी मुलगा म्हणाला, “नाही बा. फडात ढेकळं असतात. हवा कडेनं पळून जाते. हे इथंच चालते, फरशीवर.”

बाप त्याच्याकडे पाहत राहिला. आपल्या पोराला हे कळते, याचा अंदाज त्याला त्या क्षणी आला असावा. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “याले बुढीजवळ ठेवला, त तुमी ध्यान देसान का, मास्तर?”

सत्य बोलण्याने रथ वर उचलला जातो, ही गोष्ट मी तेव्हापासून मुलांना जरा अधिक भरवशाने सांगतो.

दिवाळी झाली, ट्रक आला. सहा भोकांची ती ताडपत्री कोणी परत मागितली नाही. त्या घरचे एक माणूस त्या वर्षी ट्रकमध्ये कमी होते. यंदा तो सातवीत आहे.