माहेर दुसऱ्या पॅनेलचं

आमच्या भागात मुलगी राजकारणाच्या घरात दिली की लोक म्हणतात, "नशीब काढलं पोरीनं." दारात जीप, पुढाऱ्यांचं येणंजाणं, कचेरीत कुठलं काम अडायचं नाही. माझ्या वडिलांनाही तसंच वाटलं असणार. १९७१ साली मी या घरात आले. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा, पावसानं कायम हात आखडलेला भाग. माझं माहेर कालव्याखालचं आणि सासर जिराईत. मध्ये आठ मैलांचं अंतर, पण दोन्ही गावं एकाच साखर कारखान्याच्या हद्दीत. लग्न ठरवताना या गोष्टीकडं कुणी लक्ष दिलं नाही. पुढं माझं निम्मं आयुष्य तिनंच खाल्लं.

मामंजी आधी सरपंच होते. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच सभागृहात निवडून गेले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. आत्याबाई मात्र कमी बोलायच्या. मी पाहुण्यांचं करून करून वैतागले की म्हणायच्या, "वेणूताईंचं बघ." म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या वेणूताई. १९४२ साली लग्न झालं, नवरा भूमिगत, आणि वर्षाच्या आत त्या माउलीला तुरुंग बघावा लागला. आत्याबाईंचं म्हणणं असं, की तिनं तेवढं सोसलं, तुला चार भाकऱ्या जड झाल्या का?

चार नव्हत्याच त्या. चहाचं आधण चुलीवरनं उतरायचं नाही. सकाळी सोप्यात दहा माणसं असली तर दुपारी पंचवीस. निवडणुकीच्या दिवसांत पायलीपायलीच्या भाकरी व्हायच्या. आम्ही दोघी जावा आणि कामाला येणाऱ्या दोन बाया, हाताला चटके बसले तरी थांबायची सोय नाही. जेवून उठणाऱ्याचं नाव ठाऊक नसलं तरी कोण गोड खात नाही, कुणाचा गुरुवार, कोण माळकरी, हे आम्हाला पाठ. माळकऱ्याच्या ताटाला रश्श्याचा डाव लागला तर एक अख्खी वाडी रुसायची.

घराला दोन दारं. पुढच्या दारानं पुरुष यायचे आणि सोप्यात बसायचे. बायका यायच्या परसदारानं. १९७२ च्या दुष्काळात हे मला नीट समजलं. गावातल्या बायका पाझर तलावाच्या, खडीच्या कामावर जायच्या. सुकडी आणि तांबडा मिलो खाऊन दिवस काढत होत्या. सोप्यात चर्चा चालायची ती नवं काम कुठं काढायचं, त्याची. परसदारी मला वेगळं ऐकायला मिळायचं. "वैनी, दिसभर खडी फोडली तरी मुकादम अर्धीच हजेरी लावतोय." "तान्ही पोरं उन्हात टाकावी लागत्यात, एक छप्पर तरी घालाय सांगा." यातली एकही बाई सोप्यात पाऊल टाकणार नव्हती. मग मामंजी जेवायला बसले की वाढता वाढता मी बोलायची, "कामावर बायकांची हजेरी अर्धी लागती म्हणं." मामंजी मान वर करायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी जीप तिकडं गेलेली असायची. सोप्यात लोक म्हणायचे, "आबांना समदं कळतंय." कसं कळतंय, हे कुणी विचारलं नाही.

आमचे मालक राजकारणात उतरले तेव्हा मी एक वही घातली. कुणाच्या घरी मयत झाली, दहावा कधी, कुणाच्या पोरीचं लग्न, कोण दवाखान्यात, कुणाची कुणाशी सोयरीक. पुढाऱ्याला भाषण नाही आलं तरी चालतं, दहाव्याला जाणं चुकलं तर लोक ध्यानात ठेवतात. लग्नसराईत एका तिथीला पंधरा-पंधरा पत्रिका. हे जीपमध्ये बसायच्या आधी विचारायचे, "आज कुठं कुठं?" मी वही उघडायची.

आणि मग कारखान्याची निवडणूक आली. साल १९८४ च्या आसपासचं. हे एका पॅनेलमध्ये आणि माझा सख्खा थोरला भाऊ दुसऱ्या. कारखान्याची निवडणूक म्हणजे आमच्याकडं लोकसभेपेक्षा मोठी. उसाला तोड कधी मिळणार, पोराला नोकरी लागणार का, सगळं तिथं अडकलेलं. त्यामुळं माणसं नातं बघत नाहीत.

मी चहा घेऊन गेले की सोप्यातलं बोलणं थांबायचं. कप ठेवून मी आत आले की पुन्हा सुरू. ज्या घराची वही मी लिहिली त्याच घरात मी दुसऱ्या पॅनेलची झाले. त्याच महिन्यात आई आजारी पडली. जाऊ का म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "मतदान झाल्यावर जा. आत्ता गेलीस तर लोक म्हणतील, निरोप घेऊन गेली." आत्याबाई पहिल्यांदा मध्ये पडल्या. म्हणाल्या, "आई मतदान बघून थांबती का रं?" तेव्हा कुठं गाडी जुंपली.

माहेरी गेले तर तिथंही तेच. आईच्या उशाशी मी बसलेली, आणि बाहेरच्या खोलीत दादाची माणसं माझी चाहूल लागली की गप्प. वहिनी पाणी द्यायला आली तीसुद्धा जपून बोलत होती. आईनं तेवढं हात धरून विचारलं, "खाल्लंस का काय?" दोन्ही घरांत मिळून मला कुणी न बिचकता विचारलेला तो एकच प्रश्न.

दादा थोडक्या मतांनी पडला. सोप्यात गुलाल उडाला. मी आत भाकरी थापत होते. त्या दिवाळीला भाऊबीजेला तो येणार नाही असं धरूनच चालले होते. अंधार पडल्यावर परसदारी सायकलची घंटी वाजली. पाणी तापवायच्या चुलवणापाशी त्याला पाट मांडून ओवाळलं. ताटात पैसे टाकून म्हणाला, "पुढनं आलो असतो, पण तुलाच अवघड झालं असतं." पुढची सहा वर्षं माझा भाऊ परसदारानंच आला.

१९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. १९९७ च्या पंचायत समितीला आमचा गण बाईला राखीव निघाला. भिंतीवर माझं नाव आलं, त्याच्या वर यांचं. मी निवडून आले आणि लोक यांनाच 'सदस्यसाहेब' म्हणायला लागले. सभेला जायचं तर हे शेजारी. कागद पुढं आला की बोट ठेवून दाखवायचे, इथं सही.

एका मासिक सभेत शाळाखोल्यांच्या दुरुस्तीची यादी आली. त्या दिवशी हे बाहेर कुणाशी बोलत होते. यादीत माझ्या माहेरच्या गावाचं नाव नव्हतं. का नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावानं मतं दिली नव्हती. मी आईच्या वर्षश्राद्धाला गेले तेव्हा ती शाळा बघितली होती. कौलं फुटलेली, तिसरीची पोरं मारुतीच्या देवळात बसायची. मी उभी राहिले आणि ते सांगितलं. सभागृह गप्प. मग पलीकडची एक सदस्या म्हणाली, "बाई बोलत्यात ते बरोबर हाय." हळूहळू आणखी दोन हात वर आले. नाव यादीत चढलं.

परत येताना जीपमध्ये हे एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "शेवटी माहेराचंच पाणी भरलंस."

मी म्हटलं, "दादाची पोरं त्या शाळेत नाहीत. ती कधीच साताऱ्याला शिकायला गेली. तिथं बसत्यात ती रोजगाऱ्यांची."

२००२ ला उमेदवारीच्या बोलण्यात माझं नाव निघालं नाही. कुणी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खोल्या मात्र झाल्या. वर पत्रा, खाली फरशी.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आता माझी सून ग्रामपंचायतीत आहे. ग्रामसभेत ती स्वतः बोलते, हिशोब वाचून दाखवते, वाचल्याशिवाय सही करत नाही. फलकावर तिच्या फोटोशेजारी अजून चार पुरुषांचे फोटो असतात, ते काही कमी झालेले नाहीत. पण परसदारानं येणाऱ्या बायका आता तिच्यासाठी पुढच्या दारानं येतात आणि सोप्यात बसतात, हे मी रोज बघते.

गेल्या वर्षी नातीला एका पुढाऱ्याच्या घरचं स्थळ आलं. घरच्यांनी जमीन विचारली, पोराचं शिक्षण विचारलं, बंगला बघितला. मला म्हणाले, आजी, तुम्हाला काही विचारायचंय का? मी मुलाच्या चुलत्याला विचारलं, "तुमच्या घरातली कुठली लेक विरोधी पार्टीच्या घरात दिलीय का?"

"दिलीय की. आमची धाकटी बहीण."

"मग दिवाळीला ती कुठल्या दारानं येती?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी बायकोकडं बघितलं. ती बाई पदर सावरून म्हणाली, "पुढनंच येती. आन् चार दिवस राहती."

मी आत जाऊन नातीला सांगितलं, तुला पोरगा पसंत असला तर माझी हरकत नाही.