नाव तेच, नोंद घरची

कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावात १९१३ साली यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. गाव जागचं हललं नाही, त्याचं नावही बदललं नाही. बदलली ती दफ्तरातली नोंद. कडेगावात बसून वेबसाइटच्या स्वयंचलित टेस्ट लिहिताना मी हेच सूत्र धरतो: साइटचं नाव बदलायचं नाही, ते नाव कुठल्या संगणकाकडे नेतं ती नोंद बदलायची, आणि तीही अख्ख्या संगणकासाठी नव्हे, टेस्ट चालवणाऱ्या ब्राउझरपुरती.

बरेच जण उलट करतात. साइट आपल्याच लॅपटॉपवर चालतेय ना, मग पत्त्यात सरळ ‘लोकलहोस्ट’ लिहा, असा त्यांचा हिशेब. पण साइटचं बरंचसं वागणं नावाला बांधलेलं असतं. कुकी कुठल्या डोमेनची, सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं, हे नावावर ठरतं. एकाच सर्व्हरवर दहा पतसंस्थांच्या साइट असतील तर कुठली दाखवायची हे सर्व्हरला आलेल्या नावावरूनच कळतं. शिवाय लोकलहोस्टला क्रोम एरवीच सुरक्षित मानतो. त्यामुळे वापरणाऱ्याचं ठिकाण विचारणारं पान तिथे साध्या एचटीटीपीवरही चालतं आणि खऱ्या नावावर अडतं. टेस्ट पास, साइट नापास.

मग संगणकातली नावं-पत्त्यांची यादी, म्हणजे होस्ट्स फाइल, आहेच की, असं कुणी म्हणेल. ती जुनी आणि भरवशाची आहे खरी. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची रचना मांडली, त्याआधी सगळं अर्पानेट अशाच एका यादीवर चालत होतं. पण तिच्यात ओळ घालायला अॅडमिनचा अधिकार लागतो, ‘या डोमेनची सगळी उपनावं’ असं एका ओळीत सांगता येत नाही, आणि घातलेली ओळ काम संपल्यावरही मागे राहते. मग खरी साइट उघडायला गेलं तरी घरचीच दिसते आणि दुरुस्ती भलतीकडेच सुरू होते. क्रोमला मात्र सुरू करतानाच ‘होस्ट-रिझॉल्व्हर-रूल्स’ हा पर्याय देऊन सगळी नावं १२७.०.०.१ कडे, म्हणजे आपल्याच संगणकाकडे, वळवता येतात. टेस्टसाठी ब्राउझर चालवणाऱ्या सेलेनियममधून तो एका ओळीत जातो आणि ब्राउझर बंद झाला की नियमही संपतो. सगळी नावं वळवण्यात आणखी एक फायदा आहे: पान बाहेरून गुपचूप एखादा फॉन्ट किंवा स्क्रिप्ट ओढत असेल तर ते लगेच उघडं पडतं. नेट गेलेलं असतानाही टेस्ट चालली पाहिजे, ही अट आपल्याकडे चैनीची नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. नाव खरं ठेवलं आणि वळवणंच चुकलं, तर टेस्ट थेट लाइव्ह साइटवर जाऊन खोट्या ऑर्डरी टाकेल. ही भीती मला रास्त वाटते. म्हणून पहिल्याच विनंतीला फक्त घरचा सर्व्हर देतो अशी खूण तपासावी आणि ती नसेल तर तिथेच थांबावं. लाइव्ह साइटचे पासवर्ड तर टेस्टच्या आसपासही नसावेत. एवढं करूनही धाकधूक असेल तर उपनावांची मांडणी तशीच ठेवून ‘.टेस्ट’ हे शेपूट लावावं. १९९९ च्या आरएफसी २६०६ ने ते याच कामासाठी राखून ठेवलं आहे. मनाला येईल ते शेपूट मात्र नको. ‘.डेव्ह’ वापरणाऱ्यांना हा धडा डिसेंबर २०१७ मध्ये मिळाला: ते शेपूट तोवर गूगलचं खरंखुरं डोमेन झालं होतं, आणि क्रोम ६३ ने त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करताच कित्येकांच्या घरच्या साइट उघडेनाशा झाल्या.

मराठी साइटवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१४ पासून ‘.भारत’वर देवनागरी नाव घेता येतं, पण एकाच नावाचा नियम लिहायचा तर तो देवनागरीत चालत नाही. ‘एक्सएन’ने सुरू होणारं त्याचं रोमन रूप द्यावं लागतं, कारण डीएनएसकडे जाताना ब्राउझर तेच पाठवतो.

या पद्धतीत खऱ्या डीएनएसची परीक्षा होत नाही, हा आक्षेप उरतोच, आणि तो मला मान्य आहे. नोंद बरोबर आहे का, सर्टिफिकेटची मुदत संपत आली का, हे लाइव्ह साइटवर बाहेरूनच पाहावं लागतं. तिथे फक्त पान उघडून बघावं. फॉर्म भरू नये.